अटीतटीच्या मॅचमध्ये रेफ्री लोक आपसात निर्णय कसा ठरवतात? रग्बी लीग बघून पडलेला प्रश्न

ऐरोली_लॉबी

नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज. मी बऱ्याच वर्षांपासून रग्बी लीग बघतोय, ऑस्ट्रेलियातली एनआरएल म्हणजे नॅशनल रग्बी लीग. तिकडची रात्रीची मॅच म्हणजे आपल्याकडे दुपारचे साधारण साडेतीन, जेवण झालं की लावून बसतो. रग्बी युनियन हा वेगळा खेळ, तो नाही हं, लीग. तेरा-तेरा जणांचा खेळ, सहा टॅकलमध्ये बॉल जितका पुढे नेता येईल तितका न्यायचा आणि सहाव्याला पकडले गेलात की बॉल समोरच्याला द्यायचा. आणि दुसरीकडे सीझनमध्ये मी ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या बाजूच्या गावांत कबड्डीच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा असतो, त्यामुळे मॅच कुठलीही असो, माझं लक्ष खेळाडूंपेक्षा शिट्टीवाल्याकडे जास्त जातं.

तर मला कळत नाहीये ते हे. मैदानात एक रेफ्री, दोन बाजूंच्या रेषांवर झेंडा घेतलेले दोन टच जज, वर बंकरमध्ये म्हणजे व्हिडिओच्या खोलीत रिप्ले बघणारा, आणि सगळ्यांच्या कानात रेडिओ. दोन मिनिटं राहिलीत, स्कोअर बरोबरीत आहे आणि चौघांनी चार वेगळ्या गोष्टी पाहिल्यात. मग पहिलं कोण बोलतं? टच जजला दिसतंय की रेफ्रीचं चुकतंय, तर तो लगेच कानात ओरडतो की विचारेपर्यंत गप्प राहतो? रेफ्रीने एकदा हात केला की तो मागे घ्यायचा की नाही हे कोण ठरवतं? नियमांचं पुस्तक सांगतं की शेवटचा अधिकार रेफ्रीचा, ते मला माहितीये, पण त्या चार सेकंदांत माणसं एकमेकांशी कशी वागतात ते पुस्तकात नाहीये.

विचारायचं कारण म्हणजे मागच्या सीझनला आमच्या बाजूच्या एका गावात फायनलला शेवटच्या मिनिटाला चढाईपटूला मध्यरेषेजवळ साखळीत धरला, त्याचा हात रेषेला लागला की नाही यावर दोन पंचांनी दोन वेगळ्या बाजूंना हात केले, दोघांचे हात एकाच वेळी वर, अख्ख्या गावाने बघितले. मग सरपंचांनी (गावचे नाही, कबड्डीतले मुख्य पंच) दोघांना टेबलापाशी बोलावलं, कुजबुज सुरू झाली, मागून दोन्ही संघांचे लोक येऊन उभे राहिले, आणि शेवटी जो निर्णय आला तो माझ्या मते बरोबर होता तरी कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. हरलेली पोरं वर्षभर तेच बोलतायत. निर्णय बरोबर असूनही असं होतं हे मला फार लागतंय, म्हणून जिथे हे काम पगारी लोक करतात तिथे कसं करतात ते समजून घ्यायचंय.

तलावपाळी_तेरा

मस्त प्रश्न. मी कामानिमित्त काही वर्षं सिडनीत होतो, आता परत ठाण्यात. तिकडे शनिवारी सकाळी लहान मुलांच्या लीग मॅचेसना हातात झेंडा घेऊन लाईनवर धावलोय, त्यामुळे थोडं आतून माहिती आहे, वरच्या लेव्हलचं मात्र बघून आणि वाचूनच.

आधी कोण कुठे बघतो ते लक्षात घे, कारण निम्मा निर्णय तिथेच झालेला असतो. डिफेन्सला प्रत्येक टॅकलनंतर दहा मीटर मागे जावं लागतं आणि ती दहा मीटरची लाईन रेफ्री स्वतः मागे जाऊन धरतो, म्हणजे प्ले-द-बॉल (टॅकलनंतर बॉल पायाने मागे देऊन खेळ परत सुरू करणं) त्याच्या समोर असतो आणि ऑफसाईड, म्हणजे कोण त्या लाईनच्या पुढे आहे ते, त्याच्या डाव्याउजव्या बाजूला. टच जजकडे त्याची लाईन, म्हणजे पाय बाहेर गेला का, शिवाय त्याच्या बाजूच्या टोकाला असलेल्या डिफेंडरचं ऑफसाईड, आणि बॉल पुढे गेल्यावर मागे कोणी कुणाला मारलं बिरलं का तेही. आता बॉल हातात घेऊन विंगर, म्हणजे कडेचा खेळाडू, कोपऱ्यात झेपावला, तर पाय लाईनला लागला का हे फक्त टच जजला दिसणार. तिथे झेंडा वर गेला की रेफ्री वाद घालत नाही, घेऊन टाकतो. उलट टॅकलमध्ये बॉल खेळाडूच्या हातून सुटला की समोरच्याने हिसकावला, हे रेफ्रीच्या अंगावर घडतं, तिथे टच जज सहसा तोंड उघडत नाही. म्हणजे चौघांनी चार गोष्टी पाहिल्या असं तू म्हणतोस तसं प्रत्यक्षात कमी वेळा होतं, बहुतेक वेळा एकालाच नीट दिसलेलं असतं आणि बाकीच्यांना ते आधीच माहीत असतं की हे त्याचं आहे.

आता बोलायचं कसं. लहान मुलांच्या मॅचला सुद्धा आम्हाला एकच सांगितलं होतं, मत सांगू नका, दिसलं ते सांगा. 'मला वाटतं नॉक-ऑन (बॉल हाताला लागून पुढे पडणं) असावा' असं नाही बोलायचं, 'निळ्याच्या हाताला लागून पुढे' इतकंच. रेफ्रीला तुझं मत ऐकायला वेळ नाहीये, त्याला त्याच्या चित्रातला जो तुकडा कमी आहे तो हवाय. आणि नक्की दिसलं नसेल तर तसंही स्पष्ट सांगायचं, 'माझ्याकडे काही नाही'. हे सांगणं सुद्धा मदतच असते, कारण मग रेफ्री तुझ्यावर विसंबून राहत नाही.

ट्रायचं, म्हणजे समोरच्याच्या गोललाईनपलीकडे बॉल जमिनीला टेकवून मिळणाऱ्या गुणांचं, वेगळं आहे. २०१३ पासून एनआरएलमध्ये रेफ्रीने रिप्लेकडे पाठवायच्या आधी स्वतःचा निर्णय द्यायचाच, ट्राय आहे किंवा नाही. त्याआधी शंकेचा फायदा अटॅक करणाऱ्याला मिळायचा, ते बंद झालं. २०१६ ला बंकर आला, म्हणजे सिडनीत एकच खोली आणि सगळ्या मैदानांचे रिप्ले तिथून. बंकरवाल्याचं काम नवीन निर्णय देण्याचं नाही, मैदानावरचा निर्णय उलटवण्याइतका पुरावा आहे का तेवढं बघायचं, नसेल तर खालचा कायम. पण इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. रेफ्री हातांनी टीव्हीसारखा चौकोन करून वर बंकरकडे पाठवायच्या आधी एकदा टच जजकडे बघतो, कानात विचारतो काही आहे का, आणि मगच सांगतो. म्हणजे तो मैदानावरचा निर्णय एकट्याचा दिसतो पण दोघातिघांचा मिळून असतो. बोलतो मात्र एकच तोंड.

तुमच्या फायनलला दोन हात वर गेले तिथेच सगळं संपलं होतं भावा. टेबलापाशी जे झालं त्याच्याआधीच.

घणसोली_राईट_कॉर्नर

वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट सांगतो, माणसं वाढवली की निर्णय सुधारतो हा लोकांचा जो समज आहे तो रग्बी लीगनेच खोटा ठरवलाय.

२००९ पासून एनआरएलमध्ये मैदानात दोन रेफ्री होते. एक दहा मीटरवर डिफेन्सबरोबर आणि दुसरा प्ले-द-बॉलच्या जवळ बाजूला, त्याला पॉकेट रेफ्री म्हणायचे. कागदावर एकदम सुंदर आयडिया. आणि २०१३ च्या फायनल्समध्ये काय झालं, नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉईज विरुद्ध क्रोनुला शार्क्स, हरणारा संघ घरी जाणार अशी मॅच, शार्क्सच्या बो रायनने ट्राय टाकला तो सातव्या टॅकलवर! सहाच असतात. मैदानात दोन रेफ्री, दोन टच जज, वर व्हिडिओवाले, स्टेडियमभर प्रेक्षक, आणि मोजणी चुकली. शार्क्स २०-१८ ने जिंकले. दोन गुणांनी. कॅच सुटला, पाय लाईनला लागला, हे कोणाच्याही नजरेतून सुटू शकतं, पण सहापर्यंत मोजणं?

माझं म्हणणं असं की दोघे मोजतायत म्हणजे कोणीच नीट मोजत नाहीये. प्रत्येकाला आतून वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. मी कबड्डीत कॉर्नरला खेळतो, आमच्यात पण तेच होतं, चढाईपटू दोघांच्या मधून निघून जातो तो दोघांपैकी एकही हलला नाही म्हणून, एकटा असतो तर हललाच असता. त्यामुळे मला वाटतं काम वाटताना एका गोष्टीला एकच मालक पाहिजे, दुसरा मदतीला असेल पण मालक नाही.

२०२० ला कोविडनंतर मे महिन्यात लीग परत सुरू झाली तेव्हा त्यांनी एकच रेफ्री केला. रेफ्रींच्या संघटनेने विरोध केला होता, त्यांची पण बाजू होती, की नजर एकाच माणसाची आणि खेळ इतका फास्ट. पण खेळ काही कोसळला नाही.

कोपरी_सरपंच

मित्रांनो, मी ठाण्यातला. कबड्डीत आधी खेळाडू, मग पंच आणि आता बरीच वर्षं सरपंच म्हणून काम करतो. रग्बी मला कळत नाही, नातू बघतो तेव्हा शेजारी बसतो इतकंच. पण तुमचं सगळं वाचलं आणि आपल्या खेळाचं सांगावंसं वाटलं.

आपल्याकडे एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक. नियम असा की पंचांचा निर्णय साधारणपणे अंतिम, दोन पंचांत मतभेद झाला तर सरपंच ठरवणार, आणि काही विशेष परिस्थितीत खेळाच्या हितासाठी सरपंच स्वतःहून निर्णय देऊ शकतो. म्हणजे ऐरोलीकर, तुमच्या फायनलला सरपंचांनी दोघांना बोलावलं ते नियमात बसतं. बसलं नाही ते हे की त्या दोघांनी एकमेकांकडे न बघता हात केले. मी माझ्या पंचांना मॅचच्या आधी सांगतो, चढाई ज्या अंगणात चालू आहे तिथे ज्या पंचाच्या बाजूला झटापट झाली त्याचा हात पहिला. दुसऱ्याने आधी त्याच्याकडे बघायचं. त्याला काही वेगळं दिसलं असेल तर हात न करता माझ्याकडे बघायचं, मी समजून जातो की इथे काहीतरी आहे आणि मी खेळ थांबवतो. प्रेक्षकांना कळतही नाही की मतभेद झाला होता. यात लपवाछपवी नाही, दोन पंचांचं वेगळं दिसणं हे साहजिक आहे, पण खेळाडूंसमोर दोन निर्णय जायला नकोत.

आता मोठ्या मैदानावरचं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतली पुरुषांची फायनल, ७ ऑक्टोबर २०२३, भारत आणि इराण, २८-२८. दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला. पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला, कुणालाही न शिवता लॉबीत (अंगणाच्या कडेच्या पट्ट्यात) गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटू पण लॉबीत गेले. मग फक्त पवन बाद की मागून गेलेले पण बाद? प्रो कबड्डीत नवा नियम चालत होता आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा नियम जुना. निर्णय दिला, फिरवला, परत फिरवला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. जवळजवळ तासभर मॅच बंद. शेवटी ३३-२९ ने आपण जिंकलो पण त्या तासाभरात या खेळाची जी शोभा झाली ती बघून मला झोप लागली नाही. तिथे कुणाची नजर चुकली नव्हती. काय घडलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, कॅमेऱ्यातही होतं. प्रश्न होता आज कुठला नियम चालणार, आणि ते मॅच सुरू व्हायच्या आधी सर्वांना एकसारखं माहीत असायला हवं होतं. एकत्र निर्णय घेताना सगळ्यांनी एकच पुस्तक वाचलेलं असलं पाहिजे, मग नजर.

ऐरोली_लॉबी

सर, तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. दुसऱ्या पंचाने हात न करता सरपंचांकडे बघायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडे शिबिरात नियम पाठ करून घेतात, खुणा करून घेतात, पण दोन पंचांनी एकमेकांशी कसं वागायचं याचा एक तास सुद्धा नसतो.

तलावपाळी, आता तुला विचारतो. २०१९ च्या ग्रँड फायनलचं काय? तिथे तर बरोबर उलटं झालं ना, सगळे बोलले, कानात बोलले, दिसलं तेच बोलले, आणि तरी आजपर्यंत कॅनबेराचे लोक विसरत नाहीत. मी तो तुकडा कितीतरी वेळा बघितलाय आणि दरवेळी ठरत नाही की रेफ्रीने काय करायला पाहिजे होतं.

तलावपाळी_तेरा

हो, याच्यावर लिहायचंच होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी काय झालं ते.

६ ऑक्टोबर २०१९, सिडनी रूस्टर्स विरुद्ध कॅनबेरा रेडर्स. ८-८. आठ-नऊ मिनिटं राहिलेली. रेडर्सनी शेवटच्या टॅकलला बॉल उंच मारला, वर झेप घेणाऱ्यांच्या अंगाला लागून तो परत रेडर्सच्याच हातात आला. आता नियम असा की बॉल जर रूस्टर्सच्या खेळाडूला लागून आला असेल तर रेडर्सना नवीन सहा टॅकल, आणि रेडर्सच्याच खेळाडूला लागून आला असेल तर हाच शेवटचा टॅकल. रेफ्री बेन कमिन्सला वाटलं रूस्टर्सला लागला, त्याने हात वर करून हलवला, म्हणजे परत सहा. रेडर्सच्या जॅक वायटनने ते पाहिलं. इतक्यात बाकीच्या अधिकाऱ्यांनी कानात सांगितलं की नाही, रेडर्सलाच लागलाय. कमिन्सने लगेच बदललं आणि शेवटचा टॅकल म्हणून ओरडायला लागला. पण वायटनच्या डोक्यात हातात अजून सहा टॅकल आहेत, त्याने किक न मारता बॉल घेऊन टॅकल करून घेतला. बॉल रूस्टर्सना. आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या टोकाला रूस्टर्सच्या जेम्स टेडेस्कोचा ट्राय. १४-८. वायटनला त्या मॅचचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून क्लाइव्ह चर्चिल मेडल मिळालं, हरलेल्या संघातून, यावरून तो कसा खेळला होता ते समजा.

रिप्लेमध्ये साफ दिसतं की कानातला निर्णय बरोबर होता. बॉल रेडर्सलाच लागला होता. लीगने पण नंतर हेच सांगितलं, की शेवटी बरोबर निर्णय झाला. तुझ्या गावच्या फायनलसारखंच आहे बघ, निर्णय बरोबर आणि विश्वास शून्य.

मला काय वाटतं ते सांगतो. निर्णयाला दोन गिऱ्हाईकं असतात, एक म्हणजे सत्य आणि दुसरं म्हणजे खेळाडू. अधिकाऱ्यांनी सत्याचं काम चोख केलं. पण हात वर गेल्या क्षणी खेळाडूने त्या हातावर विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकलंय, आणि ऐंशी हजारांच्या गर्दीत ओरडून दिलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचेल हे धरून चालणं चूक. हात दिसतो, आवाज दिसत नाही. त्यामुळे कानातून आलेली दुरुस्ती स्वीकारायची असेल तर ती ज्यांना कळायला पाहिजे त्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत खेळ पुढे जायला नको, मग त्यासाठी शिट्टी मारून थांबवावं लागलं तरी चालेल. यावर मला लोक म्हणतात की थांबवलं असतं तर अटॅकचा वेग गेला असता, रेडर्सचं नुकसान झालं असतं. झालं असतं. पण ते नुकसान सगळ्यांना समजलं असतं.

आणि दुसरं, त्या मॅचला मैदानात दोन रेफ्री होते, घणसोलीवाल्याचा मुद्दा इथे पण लागतो. हात करायच्या आधी अर्धा सेकंद थांबून कानात विचारलं असतं तर काहीच झालं नसतं, बॉल कुणाला लागला हे सांगणारे शेजारीच होते. अर्थात त्या पळापळीत अर्धा सेकंद थांबणं म्हणजे काय हे मला माहितीये, मी लहान मुलांच्या मॅचला लाईनवर धावताना पण घाम फुटायचा.

उलटं उदाहरण पण आहे. २०१७ चा वर्ल्ड कप, ऑकलंडमध्ये सेमीफायनल, टोंगा विरुद्ध इंग्लंड. इंग्लंड २०-० ने पुढे, शेवटच्या सात-आठ मिनिटांत टोंगाचे तीन ट्राय, २०-१८. शेवटच्या सेकंदांना टोंगाचा अँड्र्यू फिफिता लाईनकडे धावतोय, मागून हात लागून बॉल सुटला. रेफ्री मॅट सेचिनने व्हिडिओकडे न पाठवता तिथल्या तिथे निर्णय दिला आणि मॅच संपली. टोंगाच्या लोकांनी किती दिवस निदर्शनं केली. मी तो रिप्ले बघितलाय, रेफ्रीचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण सगळी यंत्रणा हाताशी असताना एकट्याने मिटवलं की बरोबर निर्णय सुद्धा अर्धवट वाटतो, हेही तितकंच खरं. २०२० पासून एनआरएलमध्ये कॅप्टनला चॅलेंज दिलं, त्याने ही कोंडी थोडी सुटली, निदान शंका बोलून दाखवायला एक अधिकृत जागा झाली. कॅप्टन मागतो, बंकर बघतो, मोठ्या स्क्रीनवर सगळे बघतात. त्यानंतर मैदानात रेफ्रीभोवती घोळका कमी दिसतो असं मला तरी जाणवतं.

नेरुळ_पॅव्हेलियन

क्रिकेटवाला मधे घुसतोय, माफ करा. तलावपाळी, तू म्हणतोस की रेफ्रीने वर पाठवायच्या आधी स्वतःचा निर्णय द्यायचा हे चांगलं आहे. क्रिकेटने तर बरोबर तेच काढून टाकलं. सॉफ्ट सिग्नल, म्हणजे वर पाठवताना मैदानावरच्या अंपायरने आधी द्यायचं मत, जून २०२३ पासून बंद. कारण काय, तर तीस यार्डांवरून खाली पडणारा कॅच मैदानावरच्या अंपायरला दिसतच नाही, तो अंदाजाने आऊट म्हणतो आणि मग तिसऱ्या अंपायरला तो अंदाज खोडायला पक्का पुरावा लागतो, जो झूम केलेल्या धूसर चित्रात कधीच मिळत नाही. म्हणजे एका माणसाचा अंदाज दुसऱ्याच्या हातापायात बेडी. डर्बनला १९९२ मध्ये तिसऱ्या अंपायरने पहिल्यांदा कुणाला रनआऊट दिलं माहितीये ना, आपल्या सचिनला. तेव्हा मैदानावरच्या अंपायरने आधी काही मत दिलं नव्हतं, सरळ वर पाठवलं, आणि कुणी हरकत घेतली नाही. मग रग्बी लीगवाल्यांनी पण तसंच का करू नये?

तलावपाळी_तेरा

चांगला मुद्दा आहे आणि मी याच्यावर विचार केलाय. रनआऊटला कॅमेरा लाईनच्या समोर असतो, बॅट आत की बाहेर, उत्तर चित्रात असतंच. लीगच्या ट्रायला बॉलवर पाच माणसं पडलेली असतात, खाली हात आहे की गवत हे कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि रेफ्री दोन-तीन मीटरवर वाकून बघत असतो. तिथे त्याला दिसलेलं टाकून दिलं तर निर्णय कशावर देणार? म्हणजे ज्याला जवळून दिसलं त्याचं वजन, आणि ज्याला लांबून अंदाज आला त्याचं नाही. तुमच्या सॉफ्ट सिग्नलला माझाही विरोधच होता, पण कारण वेगळं, तिथे अंपायरकडे सांगण्यासारखं काही नव्हतं तरी त्याला बोलायला लावत होते.

पास पुढे गेला का हे घे. धावणाऱ्या माणसाने बॉल मागे दिला तरी त्याच्या वेगामुळे बॉल जमिनीच्या मानाने पुढे सरकतो, तिरक्या कॅमेऱ्यात तो सरळ पुढे फेकल्यासारखा दिसतो. हातातून कुठल्या दिशेने सुटला ते बघायचं असतं आणि ते बरोबरीने धावणाऱ्या टच जजला सगळ्यात चांगलं कळतं. तिथे कॅमेऱ्याला मालक केलं तर रोज भांडण.

घणसोली_राईट_कॉर्नर

हे जवळून कोणाला दिसलं ते बघा, हे मला एकदम पटलं. आपल्याकडे कबड्डीत 'निदान रेषे'चं, म्हणजे चढाईपटूला ओलांडावी लागणाऱ्या रेषेचं, असंच होतं. चढाईपटूचा पाय पलीकडे पडला का हे बाजूच्या पंचालाच दिसतं पण गर्दीतला प्रत्येक जण शंभर फुटांवरून सांगत असतो की नाही पडला. आणि काही पंच त्या आवाजाने हलतात, हे मी खेळाडू म्हणून बघितलंय. तेव्हा दुसरा पंच शांतपणे मान हलवून 'हो, तुझं बरोबर आहे' इतकं जरी दाखवत असेल तरी पहिल्याला किती बळ मिळत असेल! ही पण एकत्र निर्णयाचीच गोष्ट आहे, नेहमी दुरुस्तीच करायची असं नाही.

ऐरोली_लॉबी

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या स्पर्धेआधी सगळ्या पंचांना नाणेफेकीच्या अर्धा तास आधी बोलवायचं असं मी आयोजकांना सांगणार आहे, कोण कुठली रेषा, कोणाचा हात पहिला, दुसऱ्याने काय करायचं, आणि कुठली नियमावली चालणार ते दोन्ही कर्णधारांसमोर वाचून दाखवायचं. निर्णय बदलला तर सरपंचांनी दोन्ही कर्णधारांना एकत्र बोलावून मोठ्याने सांगायचं, टेबलापाशी कुजबुज नाही. हे सगळं फुकटात होतं, कॅमेरा लागत नाही.

कोपरी सर, एकच राहिलं. अंतिम रेषेवरच्या सहाय्यक गुणलेखकाला दिसलं की बचावपटूचा पाय बाहेर गेलाय, आणि तोपर्यंत पंचाने गुण देऊन टाकलाय. त्याने काय करायचं? आमच्याकडे ते धावत टेबलाकडे येतात आणि त्यावरूनच आरडाओरडा सुरू होतो.

कोपरी_सरपंच

धावायचं नाही. जागेवर उभं राहून हात वर धरून ठेवायचा, खाली घ्यायचा नाही. पंचाने गुण दिल्यावर प्रत्येक वेळी एक नजर दोन्ही अंतिम रेषांकडे टाकायची ही सवय लावून घ्यायची, हात दिसला तर शिट्टी मारून त्याच्याजवळ आपण जायचं, त्याला बोलवायचं नाही, कारण तो जागा सोडून आला की पाय कुठे पडला ते दाखवणार कसा. पुढची चढाई पाच सेकंदांत निघावी लागते, म्हणजे वेळ तेवढाच आहे. चढाई सुरू झाली की मागचं उकरायचं नाही, मग हात असो नसो. हे पण त्या अर्ध्या तासात पोरांना सांगा आणि दोनदा प्रत्यक्ष करून घ्या.